तांब्या पेठला गेला

आमचा कोंबडा तांब्या आता पेठ तालुक्यात राहतो. करंजाळीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, चौदा कोंबड्यांच्या कळपात. नाशिकच्या म्हसरूळला आमच्या गल्लीत त्याला सगळे ओळखायचे, त्यामुळे ‘काय झालं गं त्याचं?’ असं अजून रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारताना आवाज जरा खाली जातो, कारण उत्तर मनात आधीच ठरलेलं असतं: कापला असणार. कापलेला नाही. म्हणून सगळं नीट लिहिते आहे. ज्यांनी परसात चार गावरान कोंबड्या पाळल्या आहेत आणि त्यात एखादा कोंबडा निघाला आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

माझं माहेर वणीजवळचं. गेल्या वर्षी चैत्रात आमची कोंबडी मैना खुडूक बसली. खाली अंडं नसतानाही खुराड्यातून उठेना, हात लावला की फुगून टोचायला यायची. तेव्हा घरात कोंबडा नव्हता, म्हणजे तिच्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. मग आईकडून फळलेली अंडी आणून तिच्याखाली ठेवली. खुडूक कोंबडी कुणाचीही अंडी आपलीच समजून उबवते. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. दोन मांजराने नेली, उरली चार. दोन-अडीच महिन्यांत तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, वेगळ्या दिसायला लागल्या आणि चौथ्याचा तुरा लाल होऊ लागला, शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार पिसं लोंबू लागली. रंग असा, की सकाळच्या उन्हात उभा राहिला तर घासून ठेवलेल्या भांड्यासारखा चमकायचा. नाव माझ्या धाकट्याने ठेवलं. तो तेव्हा सातवीत होता.

पहिली बांग गणपतीच्या सुमारास. आवाज मध्येच फाटला, पण त्याने मान पुन्हा उंच केली आणि पुन्हा दिली.

कोंबड्याला लोक नुसता आवाज समजतात. मी शिवणकाम करते, माझं मशीन मागच्या दाराशी आहे, त्यामुळे दिवसभर त्याला बघायला मिळालं. त्याचं काम मोठं असतं. जमीन उकरून गांडूळ सापडलं की तो स्वतः खायचा नाही. चोचीत धरायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि भराभर ‘कुटकुट, कुटकुट’ करून कोंबड्यांना बोलवायचा. त्या धावत यायच्या, खाऊन जायच्या, हा बाजूला उभा. धोक्याचे आवाज तर वेगवेगळे. वरून घार किंवा शिक्रा दिसला की एकच लांब, बारीक किंकाळी. ती ऐकली की पाचही जणी कढीपत्त्याच्या झुडपाखाली घुसून दगडासारख्या बसायच्या. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आलं की आवाज तुटक, मोठा, थांबतच नाही. तेव्हा कोंबड्या लपायच्या नाहीत, माना ताठ करून सगळ्या एकाच दिशेला बघायच्या. हे दोन आवाज मलाही ओळखू यायला लागले. मशीन थांबवून मी बाहेर जायची आणि दर वेळी भिंतीवर मांजर असायचंच.

संध्याकाळी सगळ्यांना आत घालून तो शेवटी खुराड्यात शिरायचा. मैना सगळ्यांत म्हातारी, तिला वरच्या दांडीवर उडता येत नाही, ती खाली बसते. हा तिच्याशेजारी खाली बसायचा. हे मी त्याला शिकवलेलं नाही.

आता अडचणीचं सांगते. शेजारच्या काकूंची मुलगी ज्येष्ठात बाळंत झाली. माहेरी बाळंतपण, आणि बाळंतिणीची खोली नेमकी आमच्या परसाकडची. भिंतीला भिंत. तांब्या पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. बाळ रात्रभर जागवून साडेतीनला झोपायचं, पाऊण वाजता उठलेली आई तेव्हा कुठे आडवी व्हायची, आणि लगेच बांग. काकू भांडायला आल्या नाहीत. पिशवीत घालून डिंकाचे लाडू घेऊन आल्या, मशीनशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, कोंबडा तुझा जीव आहे, मला कळतं. पण पोरगी रडते गं. बाळ नाही, पोरगी.” त्या मुलीचे डोळे मी गच्चीवरून पाहिले होते. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

गल्लीच्या ग्रुपवर एकाने ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही टाकले. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. कोंबड्याजवळ उभं राहून मोजलं तर बांग १०० च्या वर जाते. नियम लाउडस्पीकर आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत, कोंबड्यासाठी कुणी केलेले नाहीत. पण नियम असो नसो, बाळंतिणीची झोप ही गोष्ट खरी होती.

आधी आम्ही त्याचा आवाज आवरता येतो का ते पाहिलं. बांग द्यायला कोंबड्याला मान सरळ वर ताणावी लागते. म्हणून रात्री कमी उंचीच्या खोक्यात ठेवायचं, भोकं हवेपुरती, वरून गोधडी, आणि खोकं मागच्या खोलीत. आवाज दबला, बंद झाला नाही. अंधार केला की त्याला पहाट कळणार नाही, असं सगळे म्हणतात. तसं होत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते ठरल्या वेळीच आरवत राहिले. पहाट त्यांच्या शरीरातच असते. धाकट्याने हे मोबाइलवर वाचून दाखवलं, आणि आमच्या खोक्यातला तांब्या काय करत होता ते समजलं. काकूंचे यजमान हे ऐकून म्हणाले, “कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच.” म्हण त्यांनी रागाने म्हटली नाही, थकून म्हटली.

गळ्याला बांधायचा पट्टाही मिळतो. गळा आवळून आवाज कमी करायचा, असं त्याचं काम. तो मी आणला नाही आणि कुणी आणू नये असं मला मनापासून वाटतं. कोंबडा दाणे गळ्याखालच्या पोटलीत साठवतो. ती भरलेली असताना पट्टा किती घट्ट बसेल आणि श्वास कुठे अडकेल, हे बांधणाऱ्याला बाहेरून दिसत नाही.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते कोंबड्यांच्या बाजूचं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्या लागतात. आमच्याकडे पाच. त्यांतही ठिपकी त्याची आवडती. कोंबडा वर चढताना नखांनी पाठ धरतो. पावसाळा लागेपर्यंत ठिपकीच्या पाठीवरची पिसं गेली होती, कातडी लाल दिसत होती. मी अस्तराच्या कापडाची छोटी झूल शिवून तिच्या पाठीवर बांधली, पंखांखालून इलॅस्टिक घालून. चांगली बसली, पण त्यावर जन्म काढायचा नसतो. आणखी पाच कोंबड्या आणायला जागा नाही. आणि अंड्यांसाठी तर कोंबड्याची गरजच नसते, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते. म्हणजे आमच्या परसात त्याला पुरेसं काम नव्हतं आणि पुरेशी जागाही नव्हती. हे कबूल करायला मला जड गेलं, धाकट्याला त्याहून जड गेलं. तो दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलत होता.

आणि नेमका आषाढ लागला.

आषाढात कोंबडा घराबाहेर द्यायचा म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको. दिव्यांची अमावास्या जवळ येते तशी गावरान कोंबड्याची मागणी वाढत जाते. पुढे श्रावण आहे, महिनाभर काही खायचं नाही, म्हणून आधीच सगळं उरकायचं. आम्हीही मांसाहार करतो, मी कुणाच्या ताटाला नावं ठेवत नाही. पण तांब्याला मी नाव देऊन वाढवला होता. आमच्या चौकातला चिकनवाला सरळ माणूस, तो दारात येऊन म्हणाला, “ताई, एवढा भरलेला गावरान बाजारात नाही. भाव तुम्ही सांगा.” मी नाही म्हटलं, त्याने पुन्हा विचारलं नाही. एकाने नवसासाठी विचारलं. त्यालाही नाही म्हटलं. या दोघांचं मला वाईट वाटलं नाही, कारण दोघांनी कशासाठी हवा ते तोंडावर सांगितलं.

त्रास झाला तो गोड बोलणाऱ्यांचा. “घरच्यासारखा सांभाळू हो,” असं म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारायला लागले: रात्री तो झोपणार कुठे? घरच्यासारखा सांभाळणाऱ्या एका बाईंना हे सांगता येईना. मग किती कोंबड्या आहेत ते विचारलं. कोंबड्या नव्हत्याच. आठवडाभराने त्यांच्याकडे पाहुणे येणार होते, हे बोलता बोलता निघालं.

गंगापूर धरणाच्या बाजूला एकांचं फार्महाऊस आहे, लोक शनिवार-रविवार राहायला येतात. त्यांना कोंबडा शोभेसाठी हवा होता. “शहरातल्या पोरांना पहाटे बांग ऐकू आली पाहिजे.” कोंबड्या ठेवणार नाहीत, कारण घाण होते. जागा सुंदर, माणसं भली. पण कोंबडा एकटा ठेवायचा म्हणजे ज्याच्यासाठी तो दिवसभर उकरतो, बोलावतो, पहारा देतो, ते सगळं काढून घ्यायचं आणि फक्त आवाज ठेवायचा. मी नको म्हटलं. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं.

एकजण मोटरसायकलवर आला. तांब्याकडे बघायची त्याची तऱ्हा वेगळी होती. पिसांकडे लक्षच नाही. मांडी दाबून पाहिली, छातीचा हाडाकडचा भाग चाचपला, पायामागचा काटा अंगठ्याने मोजला आणि विचारलं, “दुसऱ्या कोंबड्यावर जातो का?” मी तांब्याला त्याच्या हातातून घेतलं आणि आत गेले. कोंबड्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. झुंजीचा कोंबडा घ्यायला येणारा माणूस झुंजीचं नाव काढत नाही, पण त्याचे हात सांगतात. तुमच्याकडे कुणी असा चाचपायला लागला तर किंमत ऐकायलाही थांबू नका.

माहेरी का नाही पाठवला, हे सगळ्यांनी विचारलं. माहेरी त्याचा बाप आहे. एका अंगणात दोन मोठे कोंबडे म्हणजे रोज रक्त. चुलतभाऊ मोहाडीला, त्याची द्राक्षबाग आहे, त्याने आपणहून विचारलं होतं. मी फार विचार केला आणि नको म्हटलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की बागेत डावणी-भुरी या रोगांसाठी औषधांचे फवारे सुरू होतात, पाऊस झाला तर एकामागून एक. कोंबडी वेलीखालचं सगळं टिपते: किडे, गवताचं बी, पानावरून ओघळलेलं पाणी. भावाला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “खरंय ताई, आमच्या मांडवाखाली चिमण्याही कमी दिसतात.”

असा आषाढ काढला. तांब्या रात्री खोक्यात, खोकं आता पुढच्या खोलीत, बाळंतिणीपासून सगळ्यांत लांब. आमची झोप गेली, तिची थोडी वाचली. आषाढात कोंबडा द्यायचा नाही, हा माझा निर्णय होता आणि तो मी कुणालाही सांगेन. दिव्यांची अमावास्या जाऊ द्या. श्रावणात जो कोंबडा मागायला येतो त्याला बहुधा खरंच कोंबडा हवा असतो.

श्रावणात वाट सापडली ती भाजीमुळे. पेठकडचे एक भाऊ बाजार समितीत काकडी-दोडके घेऊन येतात, पंचवटीत माल उतरवला की त्यांची पिकअप रिकामी परत जाते. त्यांच्या बायकोचे ब्लाउज मी शिवते. त्यांनी परसात तांब्या पाहिला आणि म्हणाले, “माझ्या बहिणीचा कोंबडा मागच्या पावसात रानमांजराने नेला. चौदा कोंबड्या आहेत. दोन खुडूक बसल्या, सगळी अंडी नासली.”

नासणारच. कोंबडा नसला की अंडं नुसतं खायचं, त्यात जीव नसतो. मला पहिल्यांदा असं घर भेटलं जिथे कोंबडा नसल्यामुळे काहीतरी अडलं होतं.

भाऊंनी फोन लावून दिला. पलीकडे मावशी, पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. मी आडवळण घेतलं नाही.

“मावशी, कापणार का?”

“आता कसा कापू? मला पिल्लं पाहिजेत.”

“आणि देवाला?”

“देवाचा माझा मी वेगळा वाढवते. तुझा देणार नाही.”

“म्हातारा झाला की?”

फोनवर जरा वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाल्या, “ते आज कसं सांगू, बाई? दोन वर्षं ठेवीन. मग त्याच्याच पोरी अंडी घालायला लागतील. बाप आणि पोरी एका कळपात राहिल्या तर पुढची पिल्लं कमजोर निघतात, मरतात. तेव्हा कोंबडा बदलावाच लागतो.”

इतक्या जणांशी बोलले होते, पण दोन वर्षांनंतरचं खरं उत्तर फक्त मावशींनी दिलं. बाकीचे सगळे ‘शेवटपर्यंत सांभाळू’ म्हणत होते. मावशींना कळप कसा चालतो ते ठाऊक होतं, म्हणून त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. मी म्हटलं, “बदलाल तेव्हा आधी मला फोन करा. मी येऊन घेऊन जाईन, नाहीतर दुसरं घर बघेन. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.” “करीन,” म्हणाल्या. “नंबर भिंतीवर लिहून ठेवते.” पैशाचं विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. पण गावाकडे जीव फुकट घेत नाहीत, त्यांनी नागली, म्हणजे नाचणी, पाठवायचं कबूल करून घेतलं.

पाठवायच्या आधीची तयारी लिहिते, कारण इथे लोक घाई करतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला दाखवून आणलं. मानमोडीची लस वेळेवर दिलेली होती. तारखा एका कागदावर लिहून मावशींना दिल्या. मानमोडी, म्हणजे डॉक्टर ज्याला राणीखेत म्हणतात, ती एका कोंबड्यामागून अख्ख्या पाड्यात शिरू शकते, आणि त्यांच्या चौदा कोंबड्या माझ्या एका तांब्याहून कमी मोलाच्या नव्हत्या. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा देशातली ती पहिली नोंद होती. नवापूर आपल्या खानदेशातलंच. आई सांगते, त्या वर्षी आमच्या गावात कुणी कुणाला अंडंही देत-घेत नव्हतं. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसवा-उवा नाहीत ना, ते उजेडात धरून पाहिलं. पायाच्या खवल्यांना खोबरेल लावलं. आणि मावशींना सांगितलं की दोन-तीन आठवडे त्याला कोंबड्यांपासून वेगळा ठेवा, दिसू द्या पण अंगाला अंग लागू देऊ नका. मला वाटलं होतं हसतील. त्या म्हणाल्या, “बाहेरचं जनावर लगेच मिसळत नाहीत. आमच्यातही तसंच करतात.”

पकडायचं अंधार पडल्यावर. दिवसा कोंबड्यामागे धावलं तर तो धापा टाकतो, पिसं सांडतो, सगळा कळप घाबरतो. रात्री दांडीवरून दोन्ही हातांनी पंख मिटून उचलला की शांत राहतो. बाजारात पाय बांधून उलटे लटकवून नेतात ते मला बघवत नाही, आणि ते नुसतं दिसायला वाईट आहे असंही नाही. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नसतो. उलटा धरला की पोटातलं सगळं वजन श्वासाच्या पिशव्यांवर येतं. डालगं आणलं, खाली भाताचा पेंढा घातला, वरून काळ्या अस्तराचं कापड शिवून तोंड बंद केलं. कापड विरळ, हवा खेळती. संध्याकाळी थोडेच दाणे, पाणी मात्र भरपूर.

धाकटा बरोबर आला. शनिवारी रात्री पिकअपच्या केबिनमध्ये आम्ही दोघं आणि भाऊ, डालगं त्याच्या मांडीवर. पेठ रोडला पाऊस होता, घाटात समोरचं काही दिसत नव्हतं. डालगं एकदाही त्याने खाली ठेवलं नाही. काही बोललाही नाही. पोहोचल्यावर मावशींनी कंदील आणि चहा दोन्ही आणलं, आणि त्याच्या हातून डालगं घेताना म्हणाल्या, “तू सोड.” त्यांनी पडवीच्या कोपऱ्यात मासे धरायचं जुनं जाळं लावून जागा केली होती. आत उंच दांडी, मातीच्या भांड्यात पाणी, राख-मातीचा ढीग अंघोळीसाठी. धाकट्याने दोरी सोडली, कापड बाजूला केलं. तांब्या बाहेर आला, पिसं झटकली, इकडेतिकडे पाहिलं आणि दांडीवर जाऊन बसला.

पहाटे त्याने बांग दिली. लगेच समोरच्या टेकडीवरून कुणीतरी उत्तर दिलं, मग खालच्या ओढ्याकडून आणखी एकाने. म्हसरूळला त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. इथे एकाही घरातून दार उघडून कुणी बाहेर बघितलं नाही. माणसं भाताच्या आवणीच्या कामाला उठलीच होती.

तीन आठवड्यांनी मावशींनी जाळं काढलं. पहिले दोन दिवस कळपातल्या एका दांडग्या कोंबडीने त्याला खाऊ दिलं नाही, मग जमलं. भाऊ दर बाजाराला खबर आणतात. नागलीही आली. धाकट्याने तिची भाकरी खाल्ली, एरवी खात नाही.

इकडे आमच्या पाच जणी सुरुवातीला अंगणात लांब जात नव्हत्या. अंडी मात्र थांबली नाहीत. आता वर बघणारं कुणी नाही म्हणून मी पूर्ण परसावर जाळी टाकून घेतली, कारण तांब्या गेल्यावर आठवड्यातच शिक्रा कढीपत्त्यावर येऊन बसला होता आणि कुणालाच कळलं नव्हतं. खुराड्याच्या कड्याही जाड करून घेतल्या. म्हसरूळ-मखमलाबादकडे मळ्यांतून बिबट्या दिसल्याची बातमी दरवर्षी येते, साध्या जाळीवर विसंबू नये. ठिपकीची झूल काढली. पाठीवर काळे कोंब आलेत, त्यांतून पिसं फुटतील. काकूंची लेक सासरी गेली, जाताना बाळाला आमच्या परसात आणून कोंबड्या दाखवल्या.

आणि ठिपकी खुडूक बसली आहे. कोंबडा गेल्यावरही साधारण दोन आठवडे कोंबडीची अंडी फळलेली निघू शकतात, त्याचं बीज तिच्या पोटात टिकून राहतं. त्या दिवसांतली अंडी मी वेगळी काढून ठेवली होती. धाकट्याने विचारलं, ठेवायची का तिच्याखाली. मी आधी वही काढली. निसर्गाचा हिशेब निम्म्या-निम्म्याचा, म्हणजे पाच अंडी ठेवली तर दोन-तीन नर धरायचे. ते चार महिन्यांचे व्हायच्या आत, गळा फुटायच्या आत, जायला हवेत. मावशींकडे नाही चालणार, तिथे ते तांब्याच्याच पोरींचे भाऊ. आईकडेही नाही, तिथे आजोबा आहेत. भाऊंच्या ओळखीने दोन घरं ठरली, एक हरसूलकडचं, एक पेठच्याच दुसऱ्या पाड्यावरचं. दोघांशी फोनवर बोलले, मावशींना विचारलं तेच सगळं विचारलं. मग अंडी ठेवली. पाचच.

तिसऱ्या घराच्या शोधात आहे. त्र्यंबक, सुरगाणा, दिंडोरीकडे कुणाच्या कळपात कोंबडा नसेल, आठ-दहा कोंबड्या असतील आणि पिल्लं काढायची असतील, तर मला कळवा. द्राक्षबागेतलं घर नको. पैसे घेणार नाही, पण प्रश्न सगळे विचारीन, आणि पोहोचवायला मी स्वतः येईन.